हो म्हण, एस्तू

ही गोष्ट सांगायचं मी बत्तीस वर्षं टाळत आलो. टाळायला काही ना काही सापडायचंच. आधी बहीण दुखावेल म्हणून, मग आमच्या चर्चच्या मंडळीत नाव खराब होईल म्हणून, मग आता एवढ्या वर्षांनी कशाला म्हणून. शेवटचं कारण गुडघ्याचं होतं. सात आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी मी माझ्या भाचीला, एस्तेरला, मेसेज केला, ‘या रविवारी जमेलसं वाटत नाही. गुडघा धरलाय.’ गुडघा धरला नव्हता. मेसेज पाठवून मी खाली जाऊन दूध आणलं, दोन जिने चढून वर आलो, तोवर तिचं उत्तर येऊन पडलं होतं. ‘बरं मामा. शेक घे.’ साडेबाराला तिच्या नवऱ्याचा, सुनीलचा, फोन आला. एस्तेर मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. काम करता करता स्टुलावरून खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं. बेचाळीस वर्षांची होती. सुनील पलीकडून काहीतरी सांगत होता, कुठे यायचं, कधी यायचं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ओट्यावर सकाळची दुधाची पिशवी तशीच होती. डोक्यात एवढंच... ती मला शेक घे म्हणाली आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो. तेही दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा बोललो ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. आमच्या भांडुपच्या मंडळीत ‘छोटी एस्तेर’ची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस नसेल. दहा वर्षांची एक मुलगी. पाण्याची भयंकर भीती. तरीही ती स्वतः पुढे येऊन म्हणाली, मला बाप्तिस्मा हवा, आणि प्रभूवर भरवसा ठेवून समुद्रात उतरली. मंडळीच्या स्मरणिकेत ही गोष्ट छापून आली, नंतर दरवर्षी बाप्तिस्म्याच्या आधी मुलांच्या वर्गात ती वाचली जाऊ लागली, आणि ती ऐकून किती मुलांनी बाप्तिस्म्यासाठी हात वर केले त्याची मोजदाद मला करवत नाही. ती गोष्ट मी लिहिली होती. तिच्यात मुलगी, समुद्र आणि दहा वर्षांचं वय एवढंच खरं होतं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचे आईवडील नगरकडचे, जुन्या मिशनच्या चर्चमधले. तिथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. मुंबईत आल्यावर मी आणि माझी धाकटी बहीण सरोज एका लहानशा मंडळीत जाऊ लागलो. शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्याने घ्यायचा, पेटी, ढोलकी, साठ-सत्तर माणसं. या मंडळीचं म्हणणं असं, की बाळाला काय कळतं? ज्याने समजून-उमजून, स्वतःच्या मनाने विश्वास धरला त्यानेच बाप्तिस्मा घ्यायचा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडून. मला हे फार पटलं होतं. कोणी कोणाच्या वतीने ठरवायचं नाही, यापेक्षा स्वच्छ गोष्ट कोणती? आजही पटतं. म्हणूनच मी जे केलं त्याला माझ्याकडे काही बचाव नाही.

सरोजचा नवरा एस्तेर चार वर्षांची असताना गेला. मायलेकी आमच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायच्या. एस्तूचा अर्धा दिवस आमच्याकडेच जायचा. मी विक्रोळीला कारखान्यात फिटर होतो. संध्याकाळी डबा घेऊन जिना चढलो की वरून ओरडायची, “मामा, आज काय तुटलं रे?” कारखान्यात रोज काहीतरी तुटतं आणि मी ते जोडतो, एवढंच तिला माझ्या कामातलं कळलं होतं. जे विचारायची ते सरळ विचारायची. संडे स्कूलमध्ये मी शिकवायचो. देवाने पाप्यांना बुडवायला महापूर आणला तेव्हा नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, मासे होते का, असं तिने विचारलं तेव्हा सगळा वर्ग हसला, मीही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “हसताय काय? पाण्यातच होते ना ते. मग त्यांना शिक्षाच नाही झाली.”

त्या वर्षी माझ्या वर्गात आठ मुलं होती. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, सांगितलं, या खेपेला मोठ्यांबरोबर मुलांनाही घेऊ, ज्यांची तयारी असेल त्यांना. कोणावर जबरदस्ती नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जबरदस्ती कोणी केलीच नाही. फक्त दर रविवारी उपासना संपली की बायका एकमेकींना विचारायच्या, “तुझ्याचं ठरलं का गं?” एकाने हात वर केला, मग त्याच्या मित्राने, मग मित्राच्या बहिणीने. तीन आठवड्यांत सात हात वर झाले. आठवा एस्तूचा, तो काही वर होईना. आमच्याकडे प्रभुभोजनाचं ताट फिरतं, भाकरीचे लहान तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले. बाप्तिस्मा झालेल्यांनीच ते घ्यायचं. पुढच्या महिन्यापासून सातही मुलं घेणार आणि ताट एस्तूच्या पुढून तसंच निघून जाणार, हे चित्र सरोजला दिसू लागलं होतं. एका संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन रडली. “दादा, सगळ्यांची पोरं घेतायत आणि माझीच राहिली तर काय म्हणतील लोक? बापाविना वाढलेली, वळण नाही म्हणतील. तुझ्याच वर्गातली आहे ती. तू बोल ना तिच्याशी.”

ते “तुझ्याच वर्गातली” मला लागलं. सातजण तयार आणि शिक्षकाची सख्खी भाची मागे, हे मलाही सलत होतंच.

मी बोललो. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याशी ती शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, “एस्तू, पाण्याला घाबरतेस का?”

“नाही.”

“मग?”

तिने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “पाळकसाहेब विचारणार ना, तू प्रभूला स्वतः स्वीकारलंस का, म्हणून?”

“हो.”

“मग मला हो म्हणावं लागेल. आणि मला अजून तसं काही झालं नाहीये, मामा. बाकीच्यांना झालंय म्हणे. मी रोज बघते झालंय का. देवासमोर कसं खोटं बोलणार?”

दहा वर्षांची मुलगी. मी तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतो आणि इतकं सरळ कधी कोणासमोर बोललो नव्हतो. मी त्याच वेळी उठून सरोजकडे जायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं, तुझी पोर आपल्या दोघांपेक्षा जास्त समजूतदार आहे, थांब जरा. त्याऐवजी मी काय केलं? मी न्हाणीतून पाण्याने भरलेली बादली आणली. तिला म्हणालो, पाण्याची भीती वाटते सगळ्यांना, त्यात लाजायचं काही नाही, आपण श्वास धरायचा सराव करू. ती माझ्याकडे बघत राहिली. “मामा, श्वासाचं नाही रे ते.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी तिने त्या बादलीत तोंड बुडवलं आणि मी आकडे मोजले. शेवटी शेवटी चाळीसपर्यंत जायची. बाहेर येऊन, केसांतून पाणी गळतंय आणि हसत विचारायची, “किती?” त्या हसण्यावर मी स्वतःची समजूत घातली. भीतीच होती, जातेय हळूहळू. ही समजूत मी पुढे सरोजला सांगितली, पाळकसाहेबांना सांगितली, आणि सांगता सांगता ती मला खरी वाटू लागली.

बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाने मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची असते. मी पूर्वी कसा होतो, प्रभूने मला कसं बदललं. मुलांच्या साक्षी मीच लिहून द्यायचो, त्यांनी पाठ करायच्या. एस्तूची लिहिली, ‘मी पापात जगत होते.’ तिने विचारलं, “म्हणजे मी काय केलं?” मी म्हटलं, आठवून बघ, काहीतरी असेलच. तिने पुष्कळ आठवलं. “रेश्माचा खोडरबर घेतला होता एकदा. वासाचा.” मी म्हटलं, हे सांग. “पण तो मी दुसऱ्या दिवशी परत दिला.” मी म्हटलं, परत दिला ते नको सांगू.

हे लिहिताना माझा हात थांबतोय... पण लिहायलाच हवं.

बाप्तिस्मा जुहूला झाला. सकाळी भरती असेल असा रविवार आम्ही शोधून ठेवायचो, नाहीतर ओहोटीत गुडघाभर पाण्यासाठी अर्धा मैल चालत जावं लागतं. पांढरे झगे पाण्यात फुगून वर येतात, मुलींचे तर फारच, म्हणून झग्याच्या खालच्या पट्टीत काहीतरी वजनदार शिवायची आमच्याकडे पद्धत होती. कोणी खडे घालायचं. मी कारखान्यातले लोखंडी नट आणले होते आणि सरोजने ते टाके घालून पट्टीत बसवले. पहाटे बसमध्ये एस्तू त्या पट्टीवरून बोट फिरवत नट मोजत बसली होती. माझ्याशी बोलली नाही.

पाण्यात पाळकसाहेब एका बाजूला उभे राहायचे, मी दुसऱ्या. तिच्या आधी सातही जण झाले होते, किनाऱ्यावर टॉवेलात गुंडाळून दात वाजवत उभे होते. मंडळी गात होती. पाळकसाहेबांनी तिला विचारलं, “एस्तेर, तू स्वतःच्या मनाने प्रभूला आपला तारणारा म्हणून स्वीकारलं आहेस का?” ती गप्प. एक लाट येऊन गेली. गाणं थांबलं. दुसरी लाट आली. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर भीती नव्हती. ती विचारत होती. मी सांगीन, राहू दे आज, असं तिला वाटत असावं. सरोज काठावर पदर तोंडाशी धरून उभी होती. मी वाकलो आणि एस्तूच्या कानात म्हणालो, “हो म्हण, एस्तू.”

ती “हो” म्हणाली. पाण्यात गेली आणि वर आली. गाणं पुन्हा सुरू झालं. तिने केस मागे सारले आणि मला विचारलं नाही, किती.

त्यानंतर तिने माझ्यावर राग धरला, असं अजिबात झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ती मंडळीत येत राहिली, शिकली, लॅबमध्ये लागली, सुनीलशी लग्न झालं, रेचल झाली. सरोजच्या शेवटच्या आजारात रजा काढून दोन महिने उशाशी बसली. लॅबमध्ये तिचा एक हट्ट प्रसिद्ध होता. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही. डॉक्टर ओरडले तरी नाही. “जे मी बघितलंच नाही ते मी लिहू कशी?” असं ती म्हणायची आणि मी मान खाली घालून चहा प्यायचो. संध्याकाळी तिच्या घरी गेलो की अजूनही विचारायची, “मामा, आज काय तुटलं रे?” मी रिटायर होऊन वीस वर्षं झाली होती.

गेल्या वर्षी रेचल दहाची झाली. वर्गात तिला छोट्या एस्तेरची गोष्ट वाचून दाखवली. घरी येऊन आईला म्हणाली, तू दहाव्या वर्षी घेतलास, मग मी का नाही? सगळे मला विचारतात. दुसऱ्याच दिवशी एस्तेर माझ्याकडे आली. खुर्ची ओढून समोर बसली.

“मामा, तुला एक सांगू? त्या पहिल्या वर्षी मी ती प्रभुभोजनाची भाकर खायचेच नाही. रुमालात ठेवायचे आणि घरी येऊन खिडकीत चिमण्यांना टाकायचे.”

सरोज आणि मी तिच्या दोन बाजूंना बसायचो. दोघांच्या मधे बसून, वर्षभर... आणि आम्हाला कळलं नव्हतं.

“मग पुढे?” मी कसंबसं विचारलं.

“पुढे झालं ना. मी बावीस वर्षांची असताना, आईच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसले होते. तेव्हा खरंच झालं. कोणी विचारायला नव्हतं, पाणी नव्हतं, काही नव्हतं.” ती हसली. “तेव्हा मी मोठ्याने हो म्हटलं. वॉर्डबॉय बघायला लागला, बाईला काय झालं म्हणून.”

मग गंभीर झाली. “माझ्या पोरीला हे मिळू दे, मामा. तिच्या वेळेला. मंडळीच्या ज्येष्ठांपुढे, पाळकांपुढे एकदा सांग, ती गोष्ट तशी नव्हती म्हणून. मी सांगितलं तर म्हणतील, ही आता विश्वासात थंड पडली. तू लिहिलीयेस, तू सांगितलंस तर ऐकतील. बस, एवढंच. मला सॉरीबिरी काही नकोय.”

मी म्हटलं, सांगतो. आधी म्हटलं, नाताळ होऊ दे. मग म्हटलं, नवे पाळक आलेत, जरा रुळू देत. मग तो रविवार ठरला. ती माझ्याबरोबर येणार होती, शेजारी बसणार होती. बोलायचं मला होतं. आणि मंगळवारी माझा गुडघा धरला.

तिच्या अंत्यविधीला हॉल गच्च भरला होता. शवपेटी उघडी ठेवली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटत होतं, आता डोळे उघडेल आणि विचारील. नव्या पाळकांनी स्मरणिका काढली आणि छोट्या एस्तेरची गोष्ट वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पाण्याची भीती, प्रभूवरचा भरवसा, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाले, हे लिहिणारे तिचे मामा आज आपल्यामध्ये आहेत, त्यांनी उभं राहावं. मी उभा राहिलो... मला वाटलं होतं, उभा राहिलो की तोंडातून निघेल. चारशे डोळे माझ्याकडे होते, ती समोर पडलेली होती, आणि मी हात जोडले आणि खाली बसलो. बाहेर अंगणात बायकांनी रेचलला मधे घेतलं होतं. एकीने तिच्या गालावरून हात फिरवला. “आता तूच मम्मीची साक्ष पुढे न्यायची हं, बाळा. पुढच्या महिन्यात मुलांचा बाप्तिस्मा आहे. मम्मी वरून बघेल.” रेचलने मान हलवली. तसंच ‘हो’ मी समुद्रात ऐकलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे गेलो आणि वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. माझ्याच वयाचे आहेत, दोघं तर त्या दिवशी जुहूला होते. एकजण म्हणाले, “ब्रदर, दुःखात माणसाला काहीबाही वाटतं.” दुसरे म्हणाले, “आणि आता हे काढून मिळणार काय? ती गेली बिचारी. तिची साक्ष कशाला बिघडवायची?” मी म्हटलं, ती साक्ष तिची नव्हतीच, माझी होती. ते म्हणाले, प्रार्थना करू. प्रार्थना झाली. स्मरणिका कपाटात आहे तिथेच आहे. म्हणून ही गोष्ट मी वर्तमानपत्रात लिहितो आहे. भांडुपमधल्या ज्या मुलांनी ती ऐकून हात वर केले, त्यातली बरीच आता चाळिशीची असतील. त्यांना ठाऊक असावं की छोट्या एस्तेरने हात वर केला नव्हता.

परवा संध्याकाळी मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. सुनील अजून कामावरून यायचा होता. दार रेचलने उघडलं, हातात एस्तेरच्या किल्ल्या होत्या. त्या आता तिच्याकडे असतात. जुडग्याला एक लोखंडी नट लावलेला आहे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तो जुडगा मी इतकी वर्षं टेबलावर, पर्समध्ये, तिच्या हातात पाहत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. बोटाच्या पेराएवढा. माझ्याच कारखान्यातला.

“हा कसला आहे, माहितीये तुम्हाला?” रेचल म्हणाली. “मम्मीला मी खूपदा विचारलं. ती म्हणायची, मामाआजोबांना विचार. ते सांगणार आहेत.”

मी तिला सांगितलं. बादली, खोडरबर, झगा, लाटा, कानात काय म्हणालो ते. तिच्या आईला हॉस्पिटलच्या बाकड्यावर काय झालं तेही. ती नट बोटावर फिरवत ऐकत होती. मी म्हटलं, तुझं नाव यादीत ठेवायचं की नाही ते तू ठरव, पप्पांना सांग, कोणी काही म्हणालं तर मला सांग. ती म्हणाली, “मला अजून माहीत नाही.” मी म्हटलं, चालेल. हे बोलायला मला बत्तीस वर्षं लागली.

मग तिने विचारलं, “तुम्ही मम्मीला सॉरी म्हणालात?”

“नाही.”

“का?”

ठरलेल्या त्या रविवारी म्हणणार होतो, असं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या पोरीसमोर ते बोलवलं नाही, कारण त्या रविवारीही मी म्हणणार नव्हतो.

वाक्य साधं आहे, पाठ आहे. एस्तू, त्या दिवशी खरं तू बोलत होतीस, मी तुला खोटं बोलायला लावलं, मला माफ कर. घरी येऊन फोनवर तिचं नाव काढलं आणि त्याखाली हे टाइप केलं. पाठवायच्या आधी वर नजर गेली. माझी गुडघ्याची ओळ, आणि तिच्याखाली तिची. बरं मामा. शेक घे. मी टाइप केलेलं तसंच तिथे आहे. पाठवायचं बटण माझ्याच्याने दाबवत नाही.